तुझी खाच, माझी गाठ

शालिक,

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो. पृथ्वी गोल आहे. तू गेलास म्हणून आता मी तरी तिला चपटी म्हणेन, अशी आशा धरून कुठं बसला असशील, तर ती सोडून दे. तुझ्या तेरवीच्या पंगतीत बसलो होतो तेव्हाही ती गोल होती आणि आज हे लिहितानाही आहे. एवढ्या बाबतीत माझ्याकडून माघार नाही.

पण दुसऱ्या एका बाबतीत आहे. तीन वर्षांपूर्वी आपल्या तलावावर जो प्रयोग झाला, त्यात मी लबाडी केली होती. त्या प्रयोगावरून गावानं तुला तीन वर्षं हसून घेतलं. ते हसणं थांबवणं फक्त माझ्या हातात होतं, आणि मी ते थांबवलं नाही. तू होतास तोवर तोंड उघडलं नाही. आता उघडतो आहे, तर निदान पहिल्यापासून नीट सांगतो.

तुला सगळं ठाऊकच आहे, पण गावाबाहेरचं कोणी वाचेल म्हणून लिहितो. दिघोरीपासून आत, तलावाच्या काठी आपलं गाव. तू आणि मी सातवीपर्यंत एका टाटपट्टीवर बसलो. पुढं मी शिकून त्याच शाळेत मास्तर झालो आणि तू तुझ्या बापाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, उतरलास. धानाची बांधी सपाट करणं हे काय काम आहे हे शहरातल्या माणसाला कळणार नाही. जमीन एका कोपऱ्यात चार बोटं वर राहिली तर तिथलं धान वाळतं, दुसऱ्या कोपऱ्यात खाली गेली तर कुजतं. तू बांधीत वीतभर पाणी सोडायचास, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवा बसायचास, आणि पाण्याबाहेर चिखल कुठं डोकावतो ते बघत राहायचास. मग बैलांमागं फळी फिरवायचास. पुन्हा पाणी, पुन्हा बसणं. धानाच्या रोवण्याच्या आधी आसपासच्या चार गावांतून तुला बोलावणं यायचं. माझ्या भावाच्या वाट्याची बांधी तू तीन दिवस खपून सरळ करून दिलीस, आणि चहाशिवाय काही घेतलं नाहीस.

मग तुझ्या जावयानं तुला तो मोबाइल दिला.

पहिल्या महिन्यात तू त्यावर भजनं ऐकलीस. दुसऱ्या महिन्यात इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस तुला भेटला, जो रबरी चेंडूवर तांब्यानं पाणी ओतायचा आणि विचारायचा, "गेंद पे पानी टिकता है क्या?" टिकत नव्हतंच. तू दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिलास. मला वाटलं घरी कोणाची तब्येत बिघडली.

"मुरल्या," तू म्हणालास, "मले एक बांधी दाखव गा, जिथं पाणी वाकलं."

मी हसलो. ती माझी पहिली चूक. तुला उत्तर हवं होतं आणि मी तुला हसू दिलं. त्या हसण्यामुळं तू पुढची दोन वर्षं माझा पिच्छा सोडला नाहीस, आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांइतकी मजा मला नोकरीत कधी आली नाही. मी ग्रहण काढलं. चंद्रावर पृथ्वीची सावली नेहमी गोल पडते, म्हटलं.

"ताटाची बी सावली गोलच पडते."

"ताट आडवं धरलं की रेघ पडते, शालिक."

"मंग आडवं कोन धरलन?"

मी तुझ्या आसामातल्या भाच्याचा दाखला दिला. तो फौजेत, पहाटे साडेचारला फोन करून सांगतो की उजाडलं, आणि इथं अजून कोंबडा आरवलेला नसतो. गोल असल्याशिवाय हे कसं होईल? तू विडी विझवून कानावर ठेवलीस. "माह्या सपरीत उजेड पहिले येते, मांगच्या खोलीत मंग येते. म्हून माहं घर गोल हाय का?" उत्तर मला रात्री जेवताना सुचलं, आणि सकाळी तुझ्या बांधीवर येऊन सांगितलं, तोवर तू दुसरा प्रश्न तयार ठेवला होतास.

शाळेच्या दुर्बिणीचं कडं तुटलं होतं म्हणून आपण दोघं भंडाऱ्याला गेलो, आठवतं? भांड्यांच्या बाजारात एका कारागिरानं पितळी कडं बसवून दिलं. परतीच्या एसटीत तू चढल्या चढल्या सुरू केलंस आणि अर्धी गाडी आपल्या वादात पडली. मागच्या बाकावरच्या बाईनं तुला विचारलं, "चपटी हाय तं मंग कडेवर काय हाय जी?" तू अगदी शांतपणे म्हणालास, "बरफाची पाळ हाय, बाई. लय उंच. ज्यानं एवढा मोठा तलाव बांधला, तो पाळ बांधल्याशिवाय रायते का?" बाईला पटलं. कंडक्टरला पटलं. मी म्हटलं, त्या पाळीवर आजवर कोणी गेलं आहे का? तू म्हणालास, "तू चंद्रावर गेला का?" कंडक्टर म्हणाला, "दोघंबी खाली बसा जी. गोल असो का चपटी, खड्डे सारखेच लागते." सगळे हसले, आपणही हसलो. तुझ्या मांडीवर ती दुर्बीण होती, आणि तू तिला दोन्ही हातांनी सांभाळून धरलं होतंस. तुझ्याविरुद्धच वापरायची होती ती.

इथवर सगळं गमतीचं होतं. ती कुठं संपली ते मला नेमकं माहीत आहे. आपण तलावाच्या पाळीवर बसलो होतो. मी बरंच समजावलं होतं आणि तू काहीच मानत नव्हतास. मी चिडून म्हणालो की तुझं पाणीसुद्धा वाकलेलंच आहे, प्रत्येक बांधीतलं, तुझ्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

तू तलावाकडं तोंड फिरवलंस. मग विचारलंस, "म्हंजे चाळीस वर्सं म्या वाकड्या बांध्या केल्या का?"

आणि मी म्हणालो, "हो. तसंच समज."

शालिक, ते खोटं होतं. लबाडी नव्हती, पण खोटं होतं, आणि माझ्यासारख्या मास्तराला तर शोभणारं नव्हतं. शंभर फुटांच्या बांधीत पाण्याचा फुगवटा किती येतो, याचा हिशोब मी तुझी राख सावडून आल्यावर पहिल्यांदा मांडला. केसाच्या पाव जाडीएवढा येतो. तुझ्या बांध्या सरळ होत्या. माणसाच्या हातून होतील तेवढ्या सरळ होत्या. पृथ्वी गोल असूनही तू बरोबर होतास, आणि दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात एवढं साधं वाक्य दोन वर्षांत मला तुझ्याशी बोलता आलं नाही. तुझ्या गळ्यात तुझं चाळीस वर्षांचं काम अडकलं होतं. मला वाटत होतं की तुझ्या डोक्यात मोबाइल अडकला आहे.

"मंग दाखव," तू म्हणालास. "तलाव लांब हाय. सगळ्यायसमोर दाखव."

तलाव दोन किलोमीटरला थोडा कमी. मी गणित केलं. पाळीजवळ दुर्बीण, मधोमध एक बांबू, पलीकडच्या टोकाला दुसरा. तिन्ही ठिकाणी पाण्यापासून उंची अगदी सारखी. पाणी सपाट असेल तर मधल्या बांबूवरचं लाल कापड पलीकडच्या पांढऱ्या कापडाला झाकेल. पाणी फुगलेलं असेल तर लाल कापड पांढऱ्यापेक्षा चार बोटं वर दिसेल. हे मी शाळेत सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिलं. तू म्हणालास, मोजमाप मी करीन, तुम्ही फक्त पाहा. मुलांसमोर तू मला नेहमी अहो-जाहो करायचास आणि एकट्यात मुरल्या म्हणायचास.

फाल्गुन होता. शनिवारी दुपारी तू मासेमारांचा डोंगा घेतलास आणि दोन्ही बांबू स्वतः रोवलेस. पाण्यापासून दोन हातांवर कोयत्यानं खाच पाडलीस आणि खाचेवर कापड बांधलंस. धानाचा भारा आवळताना तू जी गाठ मारायचास तीच, जी ओढली की आणखी घट्ट होते आणि एका झटक्यात सुटते. दुर्बिणीचा स्टँडही तूच पाण्यावरून मोजून लावलास. मी म्हटलं उद्या सकाळी सगळ्यांसमोर पाहू. तू बैलांना पाणी दाखवायला घरी गेलास. एकदाही डोळा लावून पाहिलं नाहीस. उद्या म्हणजे उद्या.

मला धीर नव्हता. सूर्य कलला तसा मी एकटाच परत आलो आणि दुर्बिणीला डोळा लावला.

लाल कापडानं पांढरं कापड पूर्ण झाकलं होतं. चार बोटं नाही, एक बोट नाही. सरळ रेघ. मी काच पुसली, डोळा बदलला, पुन्हा पाहिलं. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. पृथ्वीबद्दल शंका आली नाही. उद्या सातवीची मुलं, सरपंच, बचत गटाच्या बाया, सगळे येणार, आणि मी सगळ्यांसमोर तोंडावर पडणार, हे आलं. मोबाइलमधला तो माणूस जिंकणार, हे आलं. आणि तू जिंकणार, हेही आलं. शेवटचं जास्त झोंबलं.

डोंगा काठालाच होता. हाकायला मला तूच शिकवला होतास, आपण नऊ वर्षांचे असताना. दिवेलागणीच्या आत मी मधल्या बांबूपर्यंत गेलो, तुझी गाठ सोडली, कापड चार बोटं वर सरकवलं आणि पुन्हा बांधलं. खरी गोष्ट खरी दिसावी म्हणून थोडी मदत करतो आहे, असं मी स्वतःला वल्हं मारत समजावत होतो. घरी येऊन जेवलो. झोपही लागली.

सकाळी साडेसातला पाळीवर जत्रा भरली होती. मी ऐटीत डोळा लावला. लाल कापड चांगलं आठ बोटं वर होतं.

का, ते मला पुढं पंधरा दिवसांनी कळलं, भंडाऱ्याच्या वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात. दिवसभर तापलेली हवा संध्याकाळी गार पाण्यावर पसरते, आणि अशा हवेतून जाताना उजेडच खाली वाकतो, पाण्याच्या फुगवट्याबरोबर. म्हणून फुगवटा दिसत नाही. सकाळी हवा पाण्याहून गार होते आणि तो खेळ संपतो. म्हणजे सकाळी पृथ्वीची स्वतःची चार बोटं आपोआप वर आली होती, आणि त्यांच्यावर माझी चार. मी काही केलं नसतं, घरी जाऊन झोपलो असतो, तरी सकाळी बरोबर चार बोटं दिसली असती. शालिक, मी जन्मभर मुलांना पृथ्वी गोल आहे म्हणून सांगितलं, आणि एक रात्र तिच्यावर सोडून द्यायची वेळ आली तेव्हा मला भरवसा वाटला नाही. तू मात्र तुझ्या पाण्यावर भरवसा ठेवून बैलांकडं निघून गेला होतास.

तू दुर्बिणीशी वाकलास. इतका वेळ पाहिलंस की मागची मुलं कुरकुरायला लागली. मग डोळा काढून हळूच म्हणालास, "आठ दिसते जी. गुरुजी चार म्हनले होते."

"अंदाज होता तो," मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "फुगवटा आहे ना? मग झालं."

"हो जी," तू म्हणालास. "हाय."

टाळ्या पडल्या. तू डोंगा काढलास आणि बांबू आणायला एकटा गेलास. मी सरपंचांशी बोलत होतो, तरी एक डोळा तुझ्यावर होता. मधल्या बांबूपाशी तू डोंगा थांबवलास. बराच थांबवलास. मग बांबू उपटून आडवा ठेवलास आणि पुढं गेलास. परत आल्यावर काही बोलला नाहीस. मला वाटलं, हरला म्हणून गप्प आहे.

शाळेच्या व्हरांड्यात मी तक्ता लावला. आपल्या तलावाचा प्रयोग. पाण्याचा फुगवटा: चार बोटे. प्रयोगाने सिद्ध. आठ दिसली होती, पण माझ्या गणितात चार आली होती म्हणून चार लिहिली. एका लबाडीवर दुसरी चढवली, तीही माझ्या सुबक अक्षरात.

त्यानंतर तू वाद घातला नाहीस. पोरांनी तुझं नाव चपटेराव ठेवलं. लग्नाच्या मांडवात कोणीतरी हमखास म्हणायचं, "शालिकभाऊ, लय पुढं नोका जाऊ, कडेवरून पडसान." तू हसायचास. मीही हसायचो, आणि हसताना तुझ्याकडं पाहायचो नाही. पुस्तकातलं उत्तर सापडलं तेव्हा तुझ्याकडं धावत यावंसं वाटलं, कारण असं काही सापडलं की मी तुझ्याकडंच यायचो. पण ते सांगायचं तर संध्याकाळी मी काय पाहिलं हे आधी सांगावं लागलं असतं. मी बूट घातले, नाड्या बांधल्या आणि पुन्हा सोडून ठेवल्या.

आणखी एक झालं. त्या दिवसापासून तू मला एकट्यातही गुरुजी म्हणायला लागलास. बांधीवर दोघंच असलो तरी, "या गुरुजी, बसा." मी त्याचा अर्थ काय लावला माहीत आहे? मान मिळाला, असा. तीन वर्षं मी तो मान मिरवला.

तू खाटेवर पडलास तेव्हा मी रोज यायचो. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी तू वहिनींना बाहेर पाठवलंस आणि मला विचारलंस, "गुरुजी, काही सांगाचं हाय का?" तुझा आवाज बसला होता. मी म्हणालो, यंदा उन्हाळी धानाला पाणी पुरेल असं दिसतं. तू मान हलवलीस. "हो," म्हणालास, "पुरते." मग डोळे मिटलेस. घरी येईपर्यंत मी रस्त्यात दोनदा थांबलो, आणि दोनदा म्हटलं, उद्या सांगतो. तो उद्या मला मिळाला नाही. तू थांबला नाहीस म्हणून रागावून तरी काय करू. तू तर तीन वर्षं वाट पाहिली होतीस.

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले. मी उठायला लागलो तर कौतिका वहिनी म्हणाल्या, जरा थांबा जी. स्टूल घेऊन त्या सपरीच्या, पुढच्या पडवीच्या, आढ्याकडं हात घालायला लागल्या. मी पुढं होऊन काढला. बांबू होता. त्यावर लाल कापड होतं, उन्हापाण्यानं विटलेलं. त्याच्या खाली चार बोटांवर तुझी खाच होती, कोरी, काही न बांधलेली. आणि कापडाला जी गाठ होती ती बुटाच्या नाडीची होती, दोन कानांची. आपल्या गावात नाडीचे बूट घालणारा एकच माणूस आहे.

"मले काही सांगतलं नाही त्यायनं," वहिनी म्हणाल्या. "तीन वर्सं मांगून राहिली मी हा बांबू, कपडे वाळू घालाले. देल्ला नाही. कापड बी सोडू देल्लं नाही. म्हनत, मुरल्याचा हाय. येईन तो घ्याले."

मुरल्या. माझ्या पाठीमागं मी तीन वर्षं मुरल्याच होतो, शालिक. तोंडावर गुरुजी, कारण मी तसा वागलो होतो. आणि घरात मुरल्या, कारण तू माझी वाट पाहत होतास. मी तिथंच सपरीत बसलो आणि रडलो, तुला खांदा देतानाही रडलो नव्हतो तसा. वहिनींनी पाणी आणून दिलं. मग मीच सांगितलं. सगळं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मले सांगून काय होते जी? मी थोडी हासली होती त्यायले."

बरोबर होतं त्यांचं. हसलं होतं गाव.

मी शाळेत गेलो आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी तलावावर यावं, असा निरोप धाडला. निवृत्त झालो तरी गावात माझ्या शब्दाला अजून थोडी किंमत आहे. ती त्या दिवशी उरेल की नाही हे मात्र ठाऊक नव्हतं. पुन्हा फाल्गुनच आहे. शनिवारी दुपारी डोंगा घेतला. वहिनी म्हणाल्या, मीबी येतो. आपल्याकडच्या बायाही येते न म्हणता येतो म्हणतात ते तुला सांगायला नको, पण त्या डोंग्यात बसतील असं वाटलं नव्हतं. पाण्याची पातळी बदलली होती, म्हणून बांबू खाली-वर करून तुझी खाच बरोबर दोन हातांवर आणली. माझी गाठ मी माझ्या हातानं सोडली. कापड खाचेवर आणलं, तर तुझी गाठ काही मला जमेना. वहिनींनी माझ्या हातातून कापड घेतलं आणि दोन झटक्यांत भारा आवळल्यासारखं बांधून टाकलं.

संध्याकाळी आम्ही दोघांनी पाहिलं. लाल कापडानं पांढरं झाकलं होतं, अगदी तेव्हासारखं. डोंगा काठाला होता. मी पाळीवर दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो. अंधार पडल्यावर घरी गेलो. झोप चांगली लागली नाही, पण उठून तलावावर गेलो नाही.

सकाळी लोक आले. कोणी दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी मी सांगितलं. मागच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. काल संध्याकाळी काय दिसलं, तीन वर्षांपूर्वी काय दिसलं होतं, डोंगा कोणी नेला, गाठ कोणाची होती, आणि शालिकला सगळं ठाऊक असून तो का गप्प राहिला असेल. सरपंच तलावाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, आता कायले सांगता? गेला तो." मागून एक बाई म्हणाली, "शालिकभाऊले आमी किती बोललो जी." आणि तिनं पदर तोंडाला लावला. मांडवात तुला कडेवरून पाडणारे दोघं-तिघं खाली मान घालून उभे होते. मला त्यांच्याबद्दल काही वाटलं नाही. त्यांना मीच शिकवलं होतं.

मग मी पाहिलं. लाल कापड पांढऱ्याच्या वर होतं. चार बोटं. फार तर अर्धं बोट जास्त. कोणी हात न लावता, तुझ्या खाचेवर, तुझ्या मापानं. शालिक, ती गोल आहे रे. तुझ्या मोजमापानंच निघाली.

वहिनींनी पाहिलं. डोळा काढून म्हणाल्या, "हो जी, लाल वरतं हाय." मग म्हणाल्या, "पन ते म्हनले असते, संध्याकाळी ये, मंग पाहू."

सगळे हसले, आणि या वेळी मीही हसलो, कारण तू अगदी हेच म्हणाला असतास. आपण पुन्हा भांडलो असतो. मी वाकलेल्या उजेडाचं सांगितलं असतं आणि तू म्हणाला असतास, उजेड वाकते आणि पाणीबी वाकते, मंग सरळ काय हाय बे? मी म्हटलं असतं, तुझ्या बांध्या. ते वाक्य माझ्याकडं आता तयार आहे. तुझ्यापुढं ठेवायला तीन वर्षं उशीर झाला.

व्हरांड्यातला जुना तक्ता काढला. नवा लिहिला. संध्याकाळी फुगवटा: काही नाही. सकाळी: चार बोटे. का, ते खाली सोप्या शब्दांत. मोजमाप करणारा: शालिक. निरीक्षण करणारा, या ओळीपाशी थोडा अडखळलो. मग मुरल्या लिहिलं. मुख्याध्यापक बाई नव्या आहेत, त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "गुरुजी, हे नाव बरोबर आहे का?"

मी म्हटलं, बरोबर आहे.